परीक्षानळीशी भांडण मांडणारा रसायनशास्त्रज्ञ

बी.एड.च्या अभ्यासक्रमात विज्ञान अध्यापनाच्या पद्धती शिकताना एका नावाशी गाठ पडते. ‘स्वयंशोधन पद्धती’, काही पुस्तकांत ‘अन्वेषण पद्धती’, या मथळ्याखाली ‘जनक : आर्मस्ट्राँग’ एवढी ओळ असते. भावी शिक्षक ती पाठ करतात, उत्तरपत्रिकेत लिहितात आणि एका गुणाचे धनी होतात. परीक्षेतील एका गुणापुरते उरलेले हे नाव ज्याचे, त्या गृहस्थाने आयुष्यातील जवळजवळ पन्नास वर्षे अशाच परीक्षांशी झुंजण्यात घालविली, हे मात्र त्या पुस्तकांत क्वचितच आढळते.

हेन्री एडवर्ड आर्मस्ट्राँग यांचे भांडण नेमके कशाशी होते, हे समजून घेण्यासाठी फार लांब जाण्याचे कारण नाही. बारावीला विज्ञान शाखेत बसलेल्या कोणालाही क्षारांचे विश्लेषण आठवत असेल. एका पुडीत पांढरी भुकटी. ती परीक्षानळीत घ्यायची, पाण्यात विरघळवायची, मग ठरलेल्या क्रमाने एकेक अभिक्रियाकारक घालायचा. अमुक रंगाचा साका आला तर अमुक मूलक, सडक्या अंड्यांचा वास आला तर तमुक, तपकिरी कडे दिसले की नायट्रेट. तक्त्याच्या शेवटी उत्तर. त्यातही पुडीतील क्षार कोणता हे प्रयोगशाळा साहाय्यकाच्या चेहऱ्यावरून ओळखणारे तरबेज विद्यार्थी प्रत्येक तुकडीत असतातच. यात रसायनशास्त्र किती आणि तक्ता वाचण्याचे कसब किती, हा प्रश्न आर्मस्ट्राँग यांनी इंग्लंडमध्ये एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धातच विचारला होता.

लुईशमचा मुलगा

आर्मस्ट्राँग यांचा जन्म ६ मे १८४८ रोजी लंडनच्या आग्नेयेकडील लुईशम येथे झाला. वडील आयातीच्या व्यवसायात आणि अडत्याच्या धंद्यात होते. मुलाचे शिक्षण लुईशममधीलच कोल्फ्स ग्रामर स्कूलमध्ये झाले. त्या वयात त्यांच्या हाती रिचर्ड ट्रेंच यांचे शब्दांच्या अभ्यासाविषयीचे पुस्तक पडले. एखादा शब्द आज जो अर्थ सांगतो तो त्याला कोठून आणि कसा लाभला, याचा माग काढणारे हे पुस्तक. रसायनशास्त्राशी त्याचा काडीचा संबंध नव्हता. तरीही कोणत्याही गोष्टीच्या मुळाशी जाण्याची सवय आपल्याला या पुस्तकाने लावली, असे आर्मस्ट्राँग पुढे मानत आले. शाळा संपल्यावर प्रकृतीच्या कारणास्तव त्यांना एक हिवाळा जिब्राल्टरला नातेवाइकांकडे काढावा लागला. परत आल्यावर १८६५ मध्ये, वयाच्या सतराव्या वर्षी, ते लंडनच्या रॉयल कॉलेज ऑफ केमिस्ट्रीमध्ये दाखल झाले.

या संस्थेचे प्रमुख होते ऑगस्ट हॉफमन, म्हणजे जर्मनीतील गीसन येथे प्रयोगशाळेतील शिक्षणाची परंपरा घालून देणाऱ्या लीबिग यांचे शिष्य. लीबिग यांच्या शाळेत रसायनशास्त्राची दीक्षा विश्लेषणानेच सुरू होत असे. अज्ञात पदार्थांच्या बाटल्या समोर ठेवायच्या आणि त्यांत काय आहे ते विद्यार्थ्याने शोधायचे. भावी संशोधकाचा हात आणि डोळा तयार करण्यासाठी ही तालीम उत्तमच होती. घोटाळा झाला तो पुढे. विद्यापीठातील ही तालीम, तिच्यातील संशोधन गळून पडून केवळ तक्त्यांच्या रूपाने, शाळकरी मुलांच्या परीक्षेत येऊन बसली.

हॉफमन त्याच वर्षी बर्लिनला निघून गेले आणि त्यांच्या जागी एडवर्ड फ्रँकलंड आले. फ्रँकलंड यांनी या तरुणातील चिकाटी हेरली आणि त्याच्यावर एक जोखमीचे काम सोपविले. १८६६ मध्ये लंडनच्या पूर्व भागात पटकीची साथ आली होती. पिण्याच्या पाण्यात सांडपाणी मिसळले आहे की नाही, हे रासायनिक कसोटीने कसे ठरवायचे, हा त्या काळी जीवनमरणाचा प्रश्न होता. फ्रँकलंड आणि आर्मस्ट्राँग यांनी पाणी आटवून उरलेला अंश निर्वात नळीत कॉपर ऑक्साइडबरोबर जाळण्याची आणि निघालेल्या वायूंवरून सेंद्रिय कार्बन व नायट्रोजन मोजण्याची रीत बसविली. तिचा निबंध १८६८ मध्ये प्रसिद्ध झाला, तेव्हा आर्मस्ट्राँग जेमतेम वीस वर्षांचे होते. ज्या प्रश्नाचे उत्तर कोणत्याच तक्त्यात छापलेले नाही, अशा प्रश्नावर त्यांनी आपल्या विद्यार्थिदशेची वर्षे घालविली. त्यांच्या पुढील सर्व आग्रहांची बीजे येथे आहेत, असे म्हटले तर वावगे ठरू नये.

त्यानंतर लाइपझिगला हेरमान कोल्बे यांच्या हाताखाली १८६९ मध्ये डॉक्टरेट आणि १८७० मध्ये मायदेशी पुनरागमन. १८७१ मध्ये फिन्सबरी सर्कस येथील लंडन इन्स्टिट्यूशनमध्ये ते प्राध्यापक झाले, १८७६ मध्ये, अठ्ठाविसाव्या वर्षी, रॉयल सोसायटीचे फेलो झाले आणि १८७७ मध्ये त्यांचा विवाह झाला. नॅप्थॅलिनवरील त्यांच्या संशोधनाचा रंगांच्या रसायनशास्त्राला मोठा उपयोग झाला. नॅप्थॅलिनपासून मिळणाऱ्या एका आम्लाला आजही त्यांचेच नाव आहे. बेन्झीनच्या रचनेविषयी १८९० मध्ये त्यांनी मांडलेली कल्पना तर नंतरच्या काळातील सिद्धान्तांच्या बरीच जवळ जाणारी होती. केवळ संशोधक म्हणून राहिले असते तरी इतिहासात त्यांना जागा होतीच.

उत्तीर्णामागे अनुदान

परंतु परतल्याबरोबर आर्मस्ट्राँग यांच्या वाट्याला शिकवणीचे काम आले होते. सेंट बार्थोलोम्यू रुग्णालयात वैद्यकाच्या विद्यार्थ्यांना लंडन विद्यापीठाच्या परीक्षेसाठी रसायनशास्त्र शिकवायचे होते. डॉक्टर होऊ घातलेल्या या तरुणांना पदार्थांविषयी कुतूहल नव्हते. परीक्षक काय विचारेल एवढेच कुतूहल होते. त्यांचाही दोष नव्हता.

त्या काळचे इंग्लंड परीक्षांनी झपाटलेले होते. १८३६ मध्ये स्थापन झालेले लंडन विद्यापीठ प्रामुख्याने परीक्षा घेणारी संस्था होती. शिकविण्याचे काम इतरांनी करावे आणि विद्यापीठाने मोजमाप करावे, अशी ती व्यवस्था. (१८५७ मध्ये मुंबई, कलकत्ता आणि मद्रास येथे विद्यापीठे निघाली ती याच नमुन्यावर. आपल्याकडील मॅट्रिकचे गोत्र तेथे सापडते.) त्याच्या जोडीला साउथ केन्सिंग्टन येथील विज्ञान आणि कला खाते होते. देशभरातील वर्गांत शिकणाऱ्या मुलांची विज्ञान विषयांत परीक्षा घ्यायची आणि जितके विद्यार्थी उत्तीर्ण होतील त्या हिशेबाने अनुदान द्यायचे, असा या खात्याचा खाक्या होता. शिक्षकाची प्राप्ती निकालावर अवलंबून.

या व्यवस्थेमुळे विज्ञान खेड्यापाड्यांतील आणि कामगार वस्त्यांतील मुलांपर्यंत पोहोचले, ही गोष्ट नाकारता येत नाही. ज्यांच्यासाठी एरवी कोणी प्रयोगशाळेचे दार उघडले नसते, त्यांना या परीक्षांनी एक प्रमाणपत्र आणि एक वाट दिली. पण निकालावर पोट असल्यावर शिक्षक जे करील तेच त्याने केले. क्लोरीन तयार करण्याची कृती, कार्बनी वायूचे गुणधर्म, सूत्रे आणि समीकरणे वहीत उतरवून घ्यायची आणि घोकून घ्यायची. प्रात्यक्षिकाची परीक्षा म्हणजे परीक्षानळी आणि तक्ता. क्लोरीन डोळ्यांनी न पाहिलेली मुले क्लोरीनवर पानभर लिहू लागली. मौजेची गोष्ट अशी, की या खात्याचे रसायनशास्त्राचे परीक्षक अनेक वर्षे खुद्द फ्रँकलंड होते. शिक्षकांनी वर्गात प्रयोग करून दाखवावेत यासाठी ते आपल्या परीने धडपडतही होते. शिष्याचा आक्षेप त्यापुढचा होता. शिक्षकाने करून दाखविलेला प्रयोग पाहणे हेसुद्धा आर्मस्ट्राँग यांच्या मते दुसऱ्याचे ज्ञान उसने घेणेच होते.

खडूचा तुकडा

१८७९ मध्ये सिटी अँड गिल्ड्स ऑफ लंडन इन्स्टिट्यूट या संस्थेने फिन्सबरीत कारागीर आणि तरुण कामगारांसाठी वर्ग सुरू केले. त्यासाठी दोन शिक्षक नेमले गेले. एक आर्मस्ट्राँग आणि दुसरे भारतातील तारखात्यात नोकरी करून आलेले विद्युत अभियंते विल्यम आयर्टन. या वर्गांतून फिन्सबरीचे तंत्रमहाविद्यालय उभे राहिले आणि १८८४ मध्ये आर्मस्ट्राँग साउथ केन्सिंग्टनच्या सेंट्रल इन्स्टिट्यूशनमध्ये गेले. त्याच वर्षी लंडनच्या आंतरराष्ट्रीय आरोग्य प्रदर्शनाच्या निमित्ताने भरलेल्या शिक्षण परिषदेत त्यांनी आपले म्हणणे प्रथमच जाहीरपणे मांडले. विज्ञान हा माहितीचा विषय म्हणून न शिकविता शोध घेण्याची रीत म्हणून शिकवावा आणि तेही शाळेतच, सर्व मुलांना शिकवावे. शोधणे या अर्थाच्या ग्रीक धातूवरून या पद्धतीला ‘ह्यूरिस्टिक’ हे नाव मिळाले. आर्किमिडीजचा ‘युरेका’ त्याच धातूपासून आलेला आहे.

ब्रिटिश असोसिएशनने रसायनशास्त्राच्या अध्यापनाचा विचार करण्यासाठी नेमलेल्या समितीच्या १८८९ आणि १८९० च्या अहवालांत आर्मस्ट्राँग यांनी संपूर्ण अभ्यासक्रमाची रूपरेषाच दिली. तिच्यात आरंभी एकही सूत्र नाही, अणू नाही, समीकरण नाही. आहे तो तराजू. मुलांनी प्रथम मोजायला आणि वजन करायला शिकावे, मग नित्य परिचयाच्या वस्तूंना प्रश्न विचारावेत.

खडूचेच उदाहरण पाहू. मुलाला खडूचा तुकडा दिला. त्याने तो तोलून घेतला आणि प्रखर आचेवर तापविला. दिसायला तुकडा तसाच पांढरा. पण पुन्हा तोलला तर हलका झालेला. १०० भागांचे ५६ च उरले. पाणी घातल्यावर तो चरचरून तापतो, म्हणजे आता तो खडू राहिलेला नाही. आपल्याकडील पानाच्या डब्यातील चुन्याचा तो भाऊबंद झाला आहे. मग ४४ भाग गेले कोठे? येथे शिक्षकाने तोंड उघडायचे नाही. मुलाने तर्क करायचा. काही तरी उडून गेले असावे. ते पकडता येईल का? दुसऱ्या तुकड्यावर आम्ल घातले तर फसफसून वायू निघतो. तो निघून गेल्यावर वजनात किती घट आली? पुन्हा ४४. आगीने आणि आम्लाने, दोन अगदी निराळ्या वाटांनी, एकच आकडा हाती येतो. आता हा वायू आणि तो चुना एकत्र आणले तर खडू परत मिळेल काय? चुन्याच्या निवळीत वायू सोडला की ती दुधाळते आणि तळाशी पांढरा साका बसतो. तो गोळा करून वाळवायचा आणि पुन्हा तापवून पाहायचा. संगमरवराचे काय होते, शिंपल्याचे काय होते, तेही पाहायचे. एवढे झाल्यावर मुलगा कॅल्शियम कार्बोनेट हे नाव न उच्चारताही त्या पदार्थाविषयी असे काही जाणतो, जे सूत्र पाठ करणाऱ्याला ठाऊक नसते.

लोखंडाच्या गंजाचीही अशीच चौकशी होते. गंजलेले लोखंड जड होते की हलके, हा पहिला प्रश्न. बहुतेकांचा अंदाज चुकतो, कारण गंज लोखंडाला खातो अशी आपली भाषाच सांगते. ओलसर लोखंडी कीस पाण्यावर उपड्या ठेवलेल्या काचपात्रात ठेवला तर काही दिवसांत पाणी वर चढते आणि सुमारे एक पंचमांश हवा नाहीशी होते. उरलेल्या हवेत मेणबत्ती विझते. हवेत दोन निदान निराळे घटक आहेत, हे असे कळते. त्यातील एकाला ऑक्सिजन म्हणायचे, हे सगळ्यात शेवटी सांगायचे.

हे करताना मुलाने वही लिहायची ती प्रयोग चालू असतानाच. काय पाहिले, का केले, काय वाटले, काय चुकले, सारे आपल्या भाषेत. नंतर सुवाच्य अक्षरात उतरवून काढलेल्या वहीला आर्मस्ट्राँग यांच्या लेखी किंमत नव्हती. आपल्याकडील जर्नलची आठवण येथे येणे अपरिहार्य आहे. उद्देश, साहित्य, कृती, निरीक्षण, निष्कर्ष हा साचा आणि गेल्या वर्षीच्या विद्यार्थ्याची वही मिळाली की निम्मे काम झालेच. आर्मस्ट्राँग यांनी हे प्रयोग आपल्या घरच्या मुलांकडूनही करवून घेतले आणि त्यांच्या वह्यांचा उपयोग आपल्या लेखनात केला.

गुण द्यायचे कसे?

खरी अडचण येथून पुढे सुरू होते. अशा रीतीने शिकलेल्या मुलाची परीक्षा कशी घ्यायची?

दोन मुलांनी खडू तापविला असे समजू. एकाने मन लावून प्रयोग केला, पण आच कमी पडली आणि त्याच्या वहीत ४१ हा आकडा आला. तो का आला असावा याची दोन कारणेही त्याने लिहिली. दुसऱ्याला ४४ हा आकडा आधीच ठाऊक होता. त्याने तोच लिहिला. शेकडो मैलांवर बसून उत्तरपत्रिका तपासणारा परीक्षक गुण कोणाला देणार? आर्मस्ट्राँग यांच्या मते पहिला मुलगा रसायनशास्त्र शिकला होता. पण हे कळण्यासाठी परीक्षकाला त्या मुलाजवळ उभे राहायला हवे, त्याची वर्षभराची वही चाळायला हवी, त्याला एखादी अनोळखी वस्तू देऊन तो काय करतो ते पाहायला हवे. हजारो उमेदवार एकाच दिवशी बसविणाऱ्या मंडळांच्या यंत्रणेत ते बसणारे नव्हते. बाहेरच्या मंडळांनी घेतलेल्या परीक्षांवर आर्मस्ट्राँग आयुष्यभर तुटून पडत राहिले, ते याच कारणासाठी.

तरीही काही काळ वारे त्यांच्या बाजूने वाहिले. १८९० च्या दशकात लंडन स्कूल बोर्डाने ह्यू गॉर्डन आणि त्यांच्यानंतर मेहाउ हेलर यांना नेमून पूर्व लंडनच्या शाळांतून या पद्धतीचे वर्ग सुरू केले. गरीब वस्तीतील मुले तराजू हाताळू लागली. मुख्याध्यापकांच्या संघटनेनेही याच धर्तीचा अभ्यासक्रम स्वीकारला. आर्मस्ट्राँग स्वतः शिक्षकांचे वर्ग घेत. ख्राइस्ट्स हॉस्पिटल ही प्रख्यात शाळा १९०२ मध्ये लंडनहून हॉर्शमला हलली, तेव्हा शाळेच्या नियामक मंडळात असलेल्या आर्मस्ट्राँग यांनी तिच्या प्रयोगशाळांची आखणी आपल्या मतानुसार करवून घेतली. चार्ल्स ब्राउन या शिक्षकांनी तेथे ही पद्धती दीर्घकाळ राबविली. १९०२ मध्येच बेलफास्ट येथे ब्रिटिश असोसिएशनच्या शिक्षण विभागाचे अध्यक्षपद आर्मस्ट्राँग यांना मिळाले आणि १९०३ मध्ये त्यांचे शिक्षणविषयक लेख ग्रंथरूपाने आले.

पण पद्धती पसरली तसतशी पातळही झाली. स्वयंशोधनाची म्हणून जी क्रमिक पुस्तके बाजारात आली, त्यांत प्रयोगाची कृती आणि तिचे उत्तरही छापलेले असे. शोधण्यासारखे काही उरलेच नाही. दुसरीकडे प्रामाणिकपणे शिकविणाऱ्या शिक्षकाचे वर्ष खडू, हवा आणि पाणी यांतच संपून जाई आणि परीक्षेचा अर्धा अभ्यासक्रम हाताळायचा राही. पालक निकाल विचारीत. टीकाकारांचा आणखी एक मुद्दा बिनतोड होता. बॉइल, ब्लॅक, लव्हाझिए या प्रज्ञावंतांना जे शोधायला शतक लागले, ते चौदा वर्षांच्या मुलाने आठवड्याच्या दोन तासांत शोधावे ही अपेक्षा कितपत वाजवी? आर्मस्ट्राँग यांचे उत्तर असे, की सारे रसायनशास्त्र शोधून काढावे असे आपले म्हणणे नसून शोध कसा घेतात हे एकदा तरी मुलाच्या अंगवळणी पडावे, एवढेच आहे. उत्तर योग्यच होते. पण ते वेळापत्रकात बसत नव्हते.

१९१८ मध्ये जे. जे. थॉमसन यांच्या अध्यक्षतेखालील समितीने शाळांतील विज्ञानाचा आढावा घेतला, तेव्हा प्रयोगशाळेत जाणारा वेळ आणि हाती येणारे ज्ञान यांचे प्रमाण जुळत नसल्याबद्दल तिने नापसंती दर्शविली. त्याच सुमारास इंग्लंडमध्ये स्कूल सर्टिफिकेट ही नवी शालान्त परीक्षा सुरू झाली आणि माध्यमिक शाळांतील रसायनशास्त्र पुन्हा लेखी प्रश्नपत्रिकेच्या हवाली झाले.

स्वतःची कसोटी

आर्मस्ट्राँग हे सोपे गृहस्थ नव्हते. दाढीधारी, रोखठोक, वादाची एकही संधी न सोडणारे. पुराव्याशिवाय काही मानू नका, असे मुलांना सांगणाऱ्या या शिक्षकाने स्वतः मात्र स्वान्ते आऱ्हेनियस यांचा आयनांचा सिद्धान्त अखेरपर्यंत मानला नाही. मीठ पाण्यात विरघळले की त्याचे विद्युत्भारित कण सुटे होतात, ही कल्पना त्यांना हास्यास्पद वाटे. क्ष-किरणांच्या साहाय्याने ब्रॅग पितापुत्रांनी मिठाच्या स्फटिकाची रचना उलगडून दाखविली. त्यात मिठाचा स्वतंत्र रेणूच नव्हता, सोडियम आणि क्लोरीन बुद्धिबळाच्या पटासारखे आळीपाळीने मांडलेले होते. तेव्हा ऐंशीच्या घरात आलेल्या आर्मस्ट्राँग यांनी १९२७ मध्ये ‘नेचर’ नियतकालिकात तिखट शब्दांत निषेध नोंदविला. आज नववी-दहावीचा विद्यार्थी परीक्षेत जे बिनदिक्कत लिहितो, ते शास्त्रीय शिक्षणाच्या या आचार्यांनी चूक ठरविले असते. पुरावा समोर असूनही त्यांनी तो तोलला नाही, असेच म्हणावे लागते.

दुसरी बाजू याहून खेदजनक आहे. १९०४ मध्ये १९ स्त्रियांनी केमिकल सोसायटीकडे सभासदत्वाची मागणी करणारा अर्ज केला. त्याच वर्षी सोसायटीने मेरी क्यूरी यांना परदेशी सन्माननीय सभासद करून घेतले होते. तरीही देशातील स्त्री रसायनशास्त्रज्ञांना दार बंदच राहिले आणि ते बंद ठेवण्यात सोसायटीचे माजी अध्यक्ष आर्मस्ट्राँग आघाडीवर होते. स्त्रियांना प्रवेश मिळाला तो १९२० मध्ये. मुलींच्या शाळांत त्यांची पद्धती उत्साहाने राबविली जात असताना, त्या शाळांतून बाहेर पडणाऱ्या रसायनशास्त्रज्ञ मुलींना आपल्या शेजारी बसू देण्याची त्यांची तयारी नव्हती.

परीक्षांची परीक्षा

उतारवयात त्यांच्या एका जुन्या आक्षेपाला अनपेक्षित आधार मिळाला. फिलिप हार्टॉग हे नाव आपल्याकडील शिक्षणशास्त्राच्या विद्यार्थ्यांना १९२९ च्या हार्टॉग समितीमुळे परिचित आहे. भारतातील प्राथमिक शिक्षणातील गळती आणि स्थगन यांवर बोट ठेवणारी ती समिती. हे हार्टॉग मूळचे रसायनशास्त्राचे अध्यापक, पुढे लंडन विद्यापीठाचे अधिकारी आणि ढाका विद्यापीठाचे पहिले कुलगुरू. १९३५ मध्ये त्यांनी आणि ऱ्होड्स यांनी परीक्षांचीच परीक्षा घेणारा अहवाल प्रसिद्ध केला. त्यात स्कूल सर्टिफिकेटच्या इतर विषयांबरोबर रसायनशास्त्राच्याही उत्तरपत्रिका अनेक परीक्षकांकडून स्वतंत्रपणे तपासून घेतल्या होत्या. सर्वांत धक्कादायक निकाल इतिहासाचा लागला. पंधरा उत्तरपत्रिका चौदा परीक्षकांनी वर्ष-दीड वर्षाच्या अंतराने दोनदा तपासल्या. एकूण २१० निर्णयांपैकी ९२ वेळा त्याच परीक्षकाने त्याच उत्तरपत्रिकेला दुसऱ्या खेपेस निराळी श्रेणी दिली. परीक्षक स्वतःशीच सहमत नव्हता. रसायनशास्त्रासारख्या नेमक्या विषयातही परीक्षकांचे एकमत होत नव्हते.

आर्मस्ट्राँग तेव्हा ८७ वर्षांचे होते. १३ जुलै १९३७ रोजी लुईशम येथेच त्यांचे निधन झाले.

त्यांच्या मृत्यूनंतर पंचवीस वर्षांनी, १९६२ मध्ये, इंग्लंडमध्ये नफील्ड प्रतिष्ठानाने विज्ञान अध्यापनाचा प्रकल्प हाती घेतला. त्यातील रसायनशास्त्राच्या मांडणीत आर्मस्ट्राँग यांची छाया स्पष्ट दिसते. त्यांच्या अपयशातून घेतलेला धडाही दिसतो. कारण यावेळी अभ्यासक्रमाबरोबर त्याला साजेशी वेगळी शालान्त परीक्षाही तयार करण्यात आली.

भारतात असा प्रयत्न मध्य प्रदेशातील होशंगाबाद जिल्ह्यात झाला. १९७२ मध्ये किशोर भारती आणि रसूलियाचे फ्रेंड्स रूरल सेंटर या संस्थांनी सोळा शाळांत सहावी ते आठवीसाठी प्रयोगाधारित विज्ञान सुरू केले. मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेतील आणि दिल्ली विद्यापीठातील शास्त्रज्ञ त्यात सहभागी होते; १९८२ पासून ‘एकलव्य’ संस्थेने ही जबाबदारी उचलली. ‘बाल वैज्ञानिक’ नावाच्या त्यांच्या पुस्तकांत प्रयोगांची उत्तरे दिलेली नसत. आठवीच्या परीक्षेत मुले पुस्तक आणि आपल्या वह्या सोबत घेऊन बसत आणि प्रात्यक्षिकाची स्वतंत्र परीक्षा होई. सोळा शाळांपासून निघालेला हा कार्यक्रम शेकडो सरकारी शाळांपर्यंत गेला आणि तीस वर्षे टिकला. २००२ मध्ये राज्य सरकारने तो बंद केला.